कुंडीतली स्ट्रॉबेरी कुजत होती, ती अशी सावरली

मधला कोंब काळा पडला आणि हलक्या ओढीने रोप हातात आलं. दोष लावण्याच्या खोलीत होता. पानं फुटतात तो जाडसर भाग, म्हणजे क्राउन, मातीत गाडला गेला की कुजतो. फार वर राहिला तर मुळं सुकतात. माती क्राउनच्या मध्यापर्यंतच हवी. पहिल्या पाण्यानंतर ती खचते, म्हणून तेव्हा पुन्हा तपासायचं. ही पायरी कृपया गाळू नका.

कुजलेली रोपं फेकली. उरलेली 2 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 भाग माती, 1 भाग कुजलेलं गांडूळखत या मिश्रणात लावली. 8 इंची कुंडीत एकच रोप, खाली ताटली नाही. वरचा इंचभर थर सुकला की सकाळी कडेने पाणी. पानं तजेलदार पण फळ नाही, असं झालं तर नत्र जास्त झालंय.

महाबळेश्वर-पाचगणीची थंडी पुण्याच्या गच्चीवर मिळत नाही. म्हणून लागवड ऑक्टोबरात, आणि मार्चपासून दुपारी 50 टक्क्यांची शेडनेट, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी जाळी.

नवी रोपं रनरपासून, म्हणजे रोपातून बाहेर पसरणाऱ्या लांब देठापासून करायची. फळं चालू असेपर्यंत रनर कापा, नाहीतर फळं बारीक राहतात. हंगाम संपला की निरोगी रोपाचे दोन-तीन ठेवा. रनरवर फुटणाऱ्या पिल्लांपैकी आईरोपाजवळचं पहिलं पिल्लू सर्वांत दमदार. ते शेजारच्या ओल्या कपात तारेच्या आकड्याने टेकवा, पुरू नका. तीन-चार आठवड्यांनी हलकं ओढून बघा. घट्ट बसलं असेल तरच नाळ कापा.