पोहायला शिकवताना सूचना देण्यातील या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत कोकणातल्या विहिरींवर मुले पोहायला शिकतात, तेव्हा तरंगायला आधार म्हणून कमरेला सुके असोले (न सोललेले) नारळ बांधलेले असतात आणि काठावरून तीन-चार मोठी माणसे एकाच वेळी सांगत असतात: "हात लांब टाक, मान खाली, पाय ताठ!" मूल गोंधळले की ते भित्रे आहे असे आपण ठरवून टाकतो, पण पुष्कळदा तो गोंधळ आपल्याच बोलण्याने झालेला असतो.

सर्वांत सहज होणारी चूक म्हणजे शिकणाऱ्याचे लक्ष त्याच्या अवयवांवर खिळवणे. माणूस हालचाली कशा शिकतो याचा अभ्यास करणाऱ्या गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या सरावयंत्रावर प्रयोग केला, तेव्हा पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायांखालच्या चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. पुढे पोहण्याच्या प्रयोगातही "हात मागे ओढा" या सूचनेपेक्षा "पाणी मागे ढकला" या सूचनेने वेग वाढलेला दिसला. हालचालीवर जाणीवपूर्वक ताबा ठेवू गेले की शरीराची आपोआप होणारी जुळवणी अडखळते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

माझ्या भाचीला मी दोन दिवस "मान खाली" म्हणून बजावत होतो, आणि ती मान आणखीच ताठ धरी, त्यामुळे पाय बुडत. तिसऱ्या दिवशी "पाण्याखालच्या चिऱ्याच्या पायऱ्या मोज" एवढेच म्हटले. तिने तोंड पाण्यात घातले आणि पाय आपसूक वर आले.

दुसरी चूक प्रत्येक फेरीनंतर दुरुस्ती सांगण्याची. विनस्टाईन आणि श्मिट या संशोधकांच्या १९९० च्या अभ्यासात, प्रयत्न कितपत जमला हे निम्म्याच वेळा कळलेल्यांनी नंतरच्या चाचणीत, कोणी काही सांगत नसताना, अधिक चांगली कामगिरी केली. सतत सांगितले की शिकणारा स्वतःच्या अंगाला काय जाणवते ते तपासतच नाही. सांगणाऱ्यावर तो कमरेच्या नारळांसारखाच विसंबतो. दोनचार फेऱ्या गप्प राहून मग "आता काय वेगळे वाटले?" असे विचारणे मला अधिक उपयोगी वाटते. पहिल्या दिवशी मात्र शब्दांपेक्षा स्वतः पाण्यात उतरून करून दाखवावे.

सुरक्षिततेच्या सूचनांना यातले काहीही लागू नाही. "दोर धर" हे तत्काळ आणि मोठ्याने सांगायचे, नारळांची गाठ दर वेळी स्वतः तपासायची, आणि एका वेळी बोलणारा माणूस एकच ठेवायचा.