जुन्या गाडीची बॅटरी डिकीत हलवताना या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनीत एसीचा कॉम्प्रेसर किंवा मोठा रेडिएटर बसवायला जागा शोधू लागले की पहिली नजर बॅटरीवर जाते आणि ‘ही डिकीत टाकू’ असा सल्ला गॅरेजमध्ये लगेच मिळतो. सल्ला चुकीचा नाही. १९५९ साली आलेल्या मूळ मिनीत बॅटरी कारखान्यातूनच डिकीत होती, तर फोक्सवॅगन बीटलमध्ये ती मागच्या सीटखाली असे. मात्र त्या गाड्यांत केबलची जाडी, तिचा मार्ग आणि अर्थिंग (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे करंट परत येण्याची जोडणी) हे सारे आराखड्यातच ठरलेले होते. आपण बॅटरी हलवतो तेव्हा ते नव्याने ठरवावे लागते, आणि बहुतेक बिघाड तिथेच जन्म घेतात.

केवळ वजनाचा तोल सुधारावा म्हणून हा खटाटोप करू पाहणाऱ्यांनी आधी साधा हिशेब करावा. पद्मिनीचे वजन साधारण ९०० किलो आणि बॅटरीचे १३ किलोच्या आसपास असते. ती सुमारे तीन मीटर मागे नेली, तर पुढच्या चाकांवरचा भार जेमतेम १६-१७ किलोंनी, म्हणजे एकूण वजनाच्या दोन टक्क्यांहूनही कमी हलतो. शेजारच्या सीटवर कोण बसले आहे, यानेही याहून अधिक फरक पडतो. जागेची खरी अडचण असेल तरच हे काम हाती घ्यावे, असे माझे मत आहे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक केबलच्या जाडीची आहे. मूळ केबल जेमतेम अर्धा-पाऊण मीटर लांब असते, त्यामुळे ती बारीक असली तरी भागते; डिकीपासून सेल्फपर्यंत (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरपर्यंत) मात्र वळणे धरून पाच मीटर केबल सहज लागते. तांब्याच्या १६ स्क्वेअर एमएम केबलचा रोध मीटरला साधारण १.२ मिलिओहम असतो, म्हणजे पाच मीटरला सहा मिलिओहम, आणि सेल्फने १८० अँपिअर ओढले तर एकट्या त्या केबलमध्ये एक व्होल्टहून अधिक दाब खर्च होतो. हीच केबल ३५ स्क्वेअर एमएमची घेतली तर घट अर्ध्या व्होल्टवर येते आणि ५० ची घेतली तर सुमारे ०.३५ व्होल्टवर. बाजारात मिळणारी बारीक तारांची वेल्डिंग केबल यासाठी चांगली चालते, कारण ती सहज वळते. परंतु घेण्यापूर्वी टोक चाकूने किंचित खरवडून पाहावे. वरून तांबूस दिसणारी तार आत पांढरी निघाली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची आहे असे समजावे. तिची वहनक्षमता तांब्याच्या जवळपास दोन तृतीयांशच असते. लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारे धातूचे जोड, हातोडीने ठोकून बसवू नयेत. ते हायड्रॉलिक क्रिम्परने (दाब देऊन जोड आवळणाऱ्या अवजाराने) दाबून घ्यावेत.

लाल (पॉझिटिव्ह) केबलची एवढी काळजी घेणारे लोकही काळ्या (निगेटिव्ह) केबलकडे दुर्लक्ष करतात. एका परिचितांच्या पद्मिनीत बॅटरी मागे नेल्यानंतर सेल्फ मारला की इंजिन दोन फेरे घेऊन अडत असे. गॅरेजने आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ उतरवून त्याचे कार्बन ब्रश बदलले, तरी फरक पडेना. सलग चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर चोकचा (थंड इंजिन सुरू करताना ओढायचा) नॉब ओढायला गेलो तर हाताला चटका बसला. डॅशबोर्डखाली वाकून पाहिले तेव्हा चोकच्या केबलचे आवरण मऊ पडून सुरकुतलेले होते. कारण साधे होते. बॅटरी मागे नेताना निगेटिव्ह केबल डिकीतल्या पत्र्याला बोल्टने जोडली गेली, पण रबरी माउंटिंगवर बसलेले इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी जुनी, गंजलेली होती आणि तिचे एक टोक सुटलेले होते. परतीची वाट शोधणारा सेल्फचा सगळा करंट चोकच्या लोखंडी केबलमधून जात होता. गिअरबॉक्सच्या बोल्टपासून बॉडीपर्यंत नवी, पॉझिटिव्ह केबलइतकीच जाड पट्टी टाकली आणि त्याच बॅटरीवर, त्याच सेल्फने गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

म्हणून बॅटरीपासून बॉडीपर्यंत आणि बॉडीपासून इंजिनापर्यंत अशा दोन्ही जोडण्या तपासाव्यात. बोल्टखालचा रंग चमकदार धातू दिसेपर्यंत खरवडावा आणि जोडणी घट्ट केल्यावर तिच्यावर ग्रीस किंवा रंग द्यावा. मॉरिस मायनर किंवा १९६९ पूर्वीच्या मिनीसारख्या ब्रिटिश गाड्यांत मुळात पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते, याचेही भान ठेवावे. तिथे सवयीने काळी केबल पत्र्याला लावली तर डायनॅमो (जुन्या गाड्यांत बॅटरी चार्ज करणारे यंत्र) आणि त्याला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा कटआउट अडचणीत येतात.

फ्यूज न लावणे ही पुढची चूक, आणि ती सर्वांत धोकादायक आहे. बॉनेटखालची आखूड केबल कुठे घासण्याची शक्यता कमी असते. संपूर्ण गाडीतून जाणारी केबल मात्र सीटच्या रुळाखाली चेपली किंवा पत्र्याच्या धारेवर घासली, तर बॅटरी हजार अँपिअरच्या पुढे करंट सोडू शकते आणि केबल काही क्षणांत लाल होते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच असावा, कारण त्याच्या आधीचा भाग असुरक्षितच राहतो. लहान पेट्रोल इंजिनाला २०० ते २५० अँपिअरचा, उशिरा उडणाऱ्या प्रकारचा फ्यूज साधारणपणे पुरतो, पण सेल्फचा करंट क्लॅम्प मीटरने मोजून मगच आकडा ठरवावा. केबल जिथे पत्रा ओलांडते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे छिद्राच्या कडेत बसणारी कडी, हवाच. सायलेन्सर, ब्रेकची नळी आणि पेट्रोलची नळी यांच्या जवळून केबल नेऊ नये.

बॅटरी बसवताना पत्र्यात स्क्रू पिळून काम भागत नाही. जोराच्या धडकेत वस्तूवर स्वतःच्या वजनाच्या वीसपट बळ आले, तर १३ किलोची बॅटरी २६० किलोंच्या जोराने पुढे झेपावते, आणि तिच्यापुढे मागची सीट असते. बोल्ट आरपार जावेत, खालून जाड पट्टी लावावी आणि वरून लोखंडी क्लॅम्प असावा. डिकीचा पत्रा कापणे मात्र टाळावे. २०२१ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांत, पन्नास वर्षांवरील गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळण्यासाठी ती मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. १९७० च्या दशकातल्या पद्मिनी आता या वयाला पोचत आहेत.

साधी लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. बंद डिकीत बॅटरी झाकणाच्या पेटीत ठेवावी आणि पेटीतला वायू बाहेर नेणारी नळी गाडीच्या तळातून बाहेर काढावी. ‘मेंटेनन्स फ्री’ बॅटरीलाही वायू बाहेर पडण्याचे छिद्र असते.

काम झाल्यावर केवळ गाडी सुरू होते यावर समाधान मानू नये. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची (ठिणगीसाठीच्या दाब वाढवणाऱ्या भागाची) लो-टेन्शन वायर काढून, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे आणि मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरे सेल्फच्या बोल्टवर टेकवावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा आला तर दोष केबल, फ्यूज किंवा लगमध्ये आहे. नंतर बॅटरीचे निगेटिव्ह आणि इंजिनाचा ब्लॉक यांमध्ये मोजावे, तिथे ०.२ ते ०.३ व्होल्टहून अधिक आले तर अर्थिंग पुन्हा उघडावे. अल्टरनेटर असलेल्या गाडीत इंजिन थोड्या वेगात चालू ठेवून डिकीतल्या बॅटरीवरच व्होल्टेज पाहावे, ते १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवे. डायनॅमोच्या गाडीत मंद गतीवर हा आकडा मिळत नाही, त्यात दोष शोधत बसू नये. हे आकडे वहीत लिहून ठेवावेत आणि पहिला पावसाळा संपला की तीच मापे पुन्हा घ्यावीत, कारण डिकीत झिरपणारे पाणी सर्वांत आधी अर्थिंगच्या बोल्टखाली साठते.