राजवाड्यावरचा उन्हाळी सरबताचा स्टॉल कसा उभा करायचा आणि कसा चालवायचा

आमच्या बचत गटाचा सरबताचा स्टॉल साताऱ्यात राजवाड्यासमोर, गांधी मैदानाच्या कडेला लागतो. गुढीपाडव्याच्या आसपास सुरू होतो आणि मिरगाचा पाऊस आला की उठतो. कोरेगाव, वाई, रहिमतपूर इथल्या गटांतल्या बायका सारखं विचारतात, "ताई, आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठनं करू?" फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहिते.

आधी एक गोष्ट मनात पक्की धरा. मैदानावर आपण पाहुणे असतो. तिथं सकाळी फिरायला येणारी म्हातारी माणसं आहेत, सुट्टीतली पोरं आहेत, संध्याकाळी चौपाटीवर खायला येणारी कुटुंबं आहेत, वर्षानुवर्षं गाडे लावणारे भेळवाले-पावभाजीवाले आहेत. मैदानात सभा असेल त्या दिवशी तर आपल्याला जागाच नसते. या सगळ्यांना आपलं तिथं असणं बरं वाटलं पाहिजे. काउंटर कसा ठेवायचा, पाणी कुठं ओतायचं, आवाज किती करायचा, सगळं यावरनंच ठरतं.

जागा आणि कागद

जागा फेब्रुवारीतच बघून ठेवा आणि तीन वेगळ्या वेळी जाऊन बघा. दुपारी चारला सावली कुठं पडते, संध्याकाळी माणसं कुठल्या बाजूनं मैदानात शिरतात, नळ आणि गटार किती लांब आहे, गाड्या कुठं लागतात. रस्त्याकडं तोंड करून स्टॉल लावला की गिऱ्हाईक रस्त्यात उभं राहतं आणि वाहतूक अडते. तोंड नेहमी मैदानाच्या आतल्या बाजूला. आमची जागा खाण्याच्या गाड्यांच्या पुढं आहे. तिखट भेळ खाऊन निघालेला माणूस आपसूक आमच्यापाशी थांबतो. शेजारचा जे विकतो ते आपण विकायचं नाही. सोडावाला होता म्हणून आम्ही सोडा कधीच ठेवला नाही. आज त्याच्याकडचं गिऱ्हाईक साधं लिंबू सरबत मागतं तेव्हा तो स्वतः बोट करून आमच्याकडं पाठवतो.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे पण सुटका नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात प्रत्येक शहराला पथविक्रेता समिती सांगितली आहे आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधले असावे लागतात. आपल्या नगरपरिषदेत जाऊन ही समिती, विक्री प्रमाणपत्र आणि हंगामी जागेची परवानगी याबद्दल विचारा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, जागेच्या पैशाची पावती रोज जपून ठेवा. खाण्यापिण्याचं विकताय म्हणून अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणीही लागते. ती ऑनलाइन होते. नोंदणीचा कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून काउंटरवर दिसेल असा लावा.

मैदानावर बिअरचा काउंटर का नाही, असं तरुण पोरं विचारतात. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. दारू विकायला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो आणि सार्वजनिक जागी दारू पिणं हा गुन्हा आहे. लेकराबाळांनी भरलेल्या मैदानात मला ते नकोही आहे. उन्हाळ्यात माणसाला काहीतरी गार, आंबट-गोड हवं असतं, ते चांगलं करून दिलं तर रांग लागते.

पाणी आणि बर्फ

स्टॉलची अब्रू इथं आहे. सरबताची चव थोडी इकडंतिकडं झाली तर गिऱ्हाईक पुन्हा येतं, पण पोट बिघडलं तर येत नाही आणि चार घरांना सांगतं. साताऱ्याला कासचं पाणी येतं, चवीला छान आहे, तरी आम्ही सरबतासाठी घरच्या फिल्टरचंच पाणी झाकणाच्या, तोटीच्या स्टीलच्या पिंपातून नेतो. विकतचे गार पाण्याचे जार घेणार असाल तर ते कुठं भरतात ते स्वतः जाऊन बघा. सीलबंद बाटलीचं पाणी आणि उघड्या जारातलं पाणी एकाच तपासणीतून आलेलं असतं असं धरून चालू नका. पिंपात तांब्या बुडवायचा नाही, तोटीनंच पाणी घ्यायचं.

बर्फ खाण्याचाच घ्या. मासे किंवा माल गार ठेवायला जो बर्फ बनतो त्याला निळसर रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, तो पाण्यात टाकायचा नाही. पांढरा दिसला म्हणून लगेच खाण्याचा समजायचंही कारण नाही. कारखान्याची अन्न नोंदणी विचारा आणि बिल मागा. बिल द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून मी बर्फ घेत नाही. बर्फाची लादी जमिनीवर, पोत्यात, भुशात ठेवू नका. आइस बॉक्स घ्या आणि खाली जाळी ठेवा, म्हणजे वितळलेलं पाणी तळाला जातं आणि वरचा बर्फ कोरडा राहतो. बर्फ काढायला चिमटा किंवा दांड्याचं स्कूप, हात कधीच नाही.

बर्फ वाचवायचा असेल तर पाणी आधी गार करा. १०० मिली पाणी ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला जवळजवळ ३० ग्रॅम बर्फ वितळतो. तेच पाणी फ्रिजमधून १० अंशांचं आणलं तर ६ ग्रॅममध्ये भागतं. वितळलेला बर्फ म्हणजे सरबतात वाढलेलं पाणी, म्हणून पाणचट लागतं. आम्ही पाण्याचे कॅन आदल्या रात्री गटातल्या दोघींच्या फ्रिजमध्ये ठेवतो. त्यानं बर्फाचा खर्च निम्म्याच्याही खाली आला आणि चव शेवटच्या घोटापर्यंत टिकली.

काय ठेवायचं

तीनच सरबतं. लिंबू, कोकम, पन्हं. यादी लांबली की हात मंदावतो आणि माल नासतो.

लिंबासाठी पाक आदल्या दिवशी करून ठेवा. एक किलो साखरेला अर्धा लिटर पाणी, साखर विरघळून एक उकळी आली की बंद. साधारण अकराशे मिली पाक होतो. ग्लासाला ३० मिली धरला तर पस्तीसेक ग्लास निघतात. मापाचं छोटं भांडं वापरा, चौघींच्या हातचं सरबत एकसारखं लागायला तेवढाच उपाय आहे. लिंबू मात्र मागणीप्रमाणे पिळायचं. आधीच पिळून ठेवलेला रस तासा-दोन तासांत कडवट व्हायला लागतो, आणि साल फार दाबली तरीही कडू उतरतं. एका हलक्या दाबात निघेल तेवढाच रस घ्या. सैंधव चिमूटभर, भिजवलेला सब्जा चमचाभर. सब्जा वीस मिनिटांत फुगतो, तो लहान डब्यात थोडा-थोडाच भिजवा, रात्री उरला तर टाकून द्या.

कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला दाट रस, आम्ही चिपळूणकडून मागवतो, कुंभार्ली घाटातून येणाऱ्या गाडीनं. आगळात मीठ असतं म्हणून वरून मीठ घालायचं नाही. अमृत कोकमात साखर आधीच मुरलेली असते, आगळात गोडी आपल्या हातात राहते, म्हणून मी आगळच घेते. दोन चमचे आगळ, पाक, भाजलेल्या जिऱ्याची पूड. पितळेचं पिंप मांडलं की स्टॉल देखणा दिसतो, हे खरं, पण कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात कोकम, लिंबू, पन्हं ठेवायचं नाही. आंबटानं धातू उतरतो. घरी स्टील किंवा काच, मैदानावर स्टीलच, बस.

पन्ह्यासाठी कैऱ्या वाफवून गर काढा. एक वाटी गराला दोन वाट्या चिरलेला गूळ, कैरी कमी आंबट असेल तर दीड. आम्ही कराडच्या बाजारातला जरा काळसर गूळ आणतो, पिवळ्याधमक गुळाच्या मागं लागत नाही. गूळ-गर एकत्र पाच मिनिटं शिजवून वेलची घातली की फ्रिजात टिकतो. मैदानावर रोजच्यापुरताच न्यायचा. एक भाग गर, तीन भाग गार पाणी. पन्ह्याला बर्फ कमी घाला, फार गार झालं की वेलचीचा वास मरतो.

काउंटर

सहा फुटी टेबल पुरतं. डाव्या टोकाला पैसे, मधे सरबत, उजव्या टोकाला ग्लास हातात. पैशाला हात लावणारी बाई ग्लासाला हात लावत नाही, हा आमच्याकडचा न मोडणारा नियम आहे. क्यूआर कोड दोन ठेवा, एक पैशाच्या टोकाला आणि एक रांगेच्या मागं उभ्या असलेल्या माणसाला वाचता येईल असा उंचावर. भाव मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे लाजणाऱ्या माणसाला विचारावं लागत नाही.

प्लॅस्टिकचे ग्लास आणि स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. आम्ही स्टीलचे ग्लास वापरतो. मैदानावर काच फुटली तर अनवाणी पोरांच्या पायात जाते, म्हणून काच नाही. धुण्यासाठी तीन टब लागतात. पहिल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात कढत पाणी, मग जाळीवर उपडे. फडक्यानं पुसायचे नाहीत, फडकं संध्याकाळपर्यंत स्वच्छ राहतच नाही. साबणाचं आणि विसळणीचं पाणी दर तासाला बदला. ते मैदानात फेकू नका. बादलीत साठवून गटारात नेऊन ओता. हे कष्टाचं काम आहे, त्याला एक माणूस वेगळा धरा आणि त्याला इतरांएवढाच वाटा द्या.

पाकावर मधमाश्या येतात. उजेड असेपर्यंत त्या हटत नाहीत. पाक पातेल्यात उघडा ठेवण्याऐवजी अरुंद तोंडाच्या बाटलीत भरा, बाटलीच्या तोंडाचा ओघळ दर वेळी ओल्या फडक्यानं पुसा, लिंबाच्या साली झाकणाच्या डब्यात टाका. माश्यांना मारू नका, औषध तर मुळीच फवारू नका. गोड झाकलं की त्या आपणच कमी होतात. साली रात्री ओल्या कचऱ्यात, घंटागाडीत.

छत्रीचं बूड जड पाहिजे. वीस लिटरचे पाण्याचे कॅन पायाला बांधा. एप्रिल-मेमध्ये वळीव सांगून येत नाही. दिवसभर जीव नकोसा करणारा उकाडा, मग मळभ, मग धूळ उडवणारं वारं, आणि पाच मिनिटांत टपोरे थेंब. धूळ उठलेली दिसली की सगळ्यात आधी छत्री मिटायची, मग ग्लास-पाकावर झाकणं, मग पैशाचा डबा. उघडी छत्री उडाली तर कुणाच्या तरी डोक्यात जाते. दिव्यासाठी चार्जिंगचे एलईडी बल्ब घ्या, खांबावरून वायर ओढू नका. लाउडस्पीकर नको. मैदानावर लोक एकमेकांशी बोलायला येतात.

भाव

लिंबाचा भाव उन्हाळ्यात एका जागी थांबत नाही. हिशेब असा मांडा. लिंबू पाच रुपयांना पडलं, साखर दीड रुपया, बर्फ-मीठ-सब्जा दोन रुपये, म्हणजे साडेआठ. त्यात जागेचे पैसे, येणं-जाणं, धुणाऱ्याची मजुरी धरली तर वीस रुपयांना विकून बऱ्यापैकी सुटतं. लिंबू दहावर गेलं की लगेच पाटी बदलू नका. त्या आठवड्यात पन्हं पुढं करा, कैरी स्वस्त असते, लोक खुशीनं घेतात. पाटीवरचा आकडा सारखा बदलला की नेहमीचं गिऱ्हाईक बिचकतं.

स्टॉलच्या शेजारी एक पाण्याचा माठ ठेवाच. फुकट, कुणासाठीही. उन्हाळ्यात पाणपोई घालायची आपली जुनी रीत आहे आणि मैदानावर ती जास्तच लागते. हमाल, सफाईच्या बायका, पोर कडेवर घेतलेली आई, वीस रुपये ज्याला जड आहेत तो माणूस, सगळ्यांना तहान सारखीच लागते. "फुकट पाणी ठेवलं तर सरबत कोण घेणार?" असं आमच्यातल्या एकीला वाटायचं. विक्री कमी झाली नाही. माठाला तोटी लावा, आत रोज हात घालून घासा, पाणी तेच फिल्टरचं. या माठाबाबत मी कुणाचंही ऐकत नाही. जागा नसेल तर एक सरबत कमी करा, माठ काढू नका.

उठताना

मिरगाचा पहिला नीट पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत स्टॉल उठवा. गारवा आल्यावर रेंगाळण्यात फायदा नाही. उरलेला पाक आणि गर गटात वाटून घ्या, आगळ थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. हिशेब चौघींनी एकत्र बसून, वही उघडी ठेवून करा. त्याच दिवशी जागा झाडून घ्या, खिळे-सुतळीचे तुकडे वेचा, शेजारच्या गाडेवाल्यांना भेटून सांगून या. छत्रीचं कापड खडखडीत वाळल्याशिवाय घडी घालू नका, पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि वास पुढच्या पाडव्यापर्यंत जात नाही. जागेचा नवा अर्ज जानेवारीत द्या, सोबत या वर्षीच्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडा.