जपून ठेवलेलीच वस्तू जाते : आठवणींच्या वस्तू सांभाळताना या चुका टाळा

गेल्या ऑक्टोबरात आईची पैठणी कपाटातून काढली. उलगडायला घेतली तर घडीच्या रेषेवर ती चर्रकन फाटली. अकरा वर्षं तिला कुणी नेसलं नव्हतं, कुणी हातही लावला नव्हता. दुकानाच्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार डांबरगोळ्यांसकट, गोदरेजच्या तळच्या कप्प्यात ती होती. इतकी जपली म्हणूनच फाटली, हे नंतर कळलं.

आमच्या नात्यागोत्यात विचारलं तर असले किस्से घरोघरी निघाले. गेलेल्या माणसाची वस्तू वापरून संपली असं फार कमी वेळा झालं होतं. बहुतेक वस्तू ठेवून ठेवूनच गेल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा चुका मी स्वतः केलेल्या आहेत, त्यामुळे शहाणपणा शिकवतेय असं कृपया समजू नका.

तेराव्याच्या आत कपाट रिकामं करणं

कार्याला सगळे जमलेले असतात, हात मोकळे असतात, आणि मुंबईच्या घरात जागा कधीच नसते. मग कुणीतरी म्हणतं, "एकदाचं आवरून टाकू या." आमच्या काकूंनी असंच सासूबाईंचं एक जुनं, खऱ्या जरीचं लुगडं बोहारणीला दिलं आणि स्टीलचा एक डबा घेतला. बोहारणीला दोष नाही. जुन्या जरीत चांदी असते हे तिला माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

कपडे, कागद, चष्मे, डब्या सगळं एका ट्रंकेत भरा, वर नाव घाला आणि वर्षश्राद्धापर्यंत उघडू नका. वर्षानंतर बराच पसारा आपसूक देऊन टाकावासा वाटतो. एका माणसामागे एकच खोका, हा माझा नियम आहे. कोरडा वाटेल, पण ४०० चौरस फुटांत सगळंच ठेवलं तर आपण राहायचं कुठे?

प्लॅस्टिक, डांबरगोळ्या आणि न मोडलेली घडी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला फावतं, आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या पुढे असते. प्लॅस्टिकची पिशवी ही हवा बाहेर ठेवत नाही, आत कोंडते. त्यात रेशमाची तीच घडी वर्षानुवर्षं तशीच राहिली की धागे त्या रेषेवर वाकून वाकून तुटायला येतात.

साडी जुन्या, धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलीत किंवा आजोबांच्या धोतरात गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, त्याची शाई लागते आणि कागदातलं आम्ल उतरतं. वर्षातून दोनदा घडी बदला, आधी तिघडी असेल तर आता चौघडी. गुंडाळी करता आली तर सर्वांत उत्तम. कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी दादरला हिंदमाताच्या कापडबाजारात मागितली तर बहुधा फुकट मिळते (पावसाळ्यात मात्र पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताला कशाला जाता). नळीला आधी मलमल गुंडाळा, मग साडी, जरीची बाजू बाहेर.

डांबरगोळ्यांचं एक गंभीर सांगायचं आहे. पणजीचं दुपटं किंवा आजीची गोधडी बारशाला काढायची आणि थेट बाळाला पांघरायची, हे आपल्याकडे हौसेने होतं. ज्या बाळांमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. कमतरता आहे की नाही हे बऱ्याच घरांत ठाऊकच नसतं. तेव्हा गोळ्यांत ठेवलेलं कापड तान्ह्याच्या जवळ नेऊच नका. नुसतं झटकून भागत नाही. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, कापडावर थेट नको, डाग पडतो.

आता बिघडलेल्याचं काय करायचं ते. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ओल्या फडक्याने पुसू नका, ती आत रुजते. कोरड्या दिवशी गॅलरीत, नाकाला मास्क लावून, दाढीच्या मऊ ब्रशने हलकेच झटका आणि नंतर सावलीत वाऱ्यावर टाका. जरीचे धागे काळे पडले असतील तर चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. घासलं की काळेपणाबरोबर मुलामाही जातो. काळी जर तशीच राहू द्या. घडीवर फाटलेली साडी वरवर रफू केली तर टाक्याच्या शेजारी पुन्हा फाटते, म्हणून मागून पातळ रेशमी अस्तर लावून घ्या. आमच्या पैठणीला आता तसं अस्तर आहे. नेसता येत नाही, पण हात फिरवता येतो.

आणि तळचा कप्पा सोडा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी तळमजल्यावरच्या किती घरांतले अल्बम आणि साड्या लगद्यासारख्या निघाल्या, ते ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. त्यापेक्षा माळा बरा, फक्त वरच्या स्लॅबला ओल नाही ना, ते आधी बघा.

गोधडी मशीनमध्ये घालणं

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, गिरणी पुन्हा पहिल्यासारखी कधी चालली नाही, आणि त्या रिकाम्या दिवसांत आजीने चार गोधड्या शिवल्या. आत तिची जुनी लुगडी, वर आजोबांचे सदरे आणि गिरणीतून आलेल्या कापडाचे तुकडे. त्यातली एक माझ्याकडे आहे. दुसरी एका भावाच्या घरी वॉशिंग मशीनमध्ये गेली आणि दोरे-चिंध्या होऊन बाहेर आली.

जुनी गोधडी भिजली की भलतीच जड होते. तिचं स्वतःचं वजनच तिला फाडतं. म्हणून पिळायची नाही आणि दोरीवर टांगायची तर अजिबात नाही. आधी कोपऱ्यात ओला पांढरा कपडा दाबून रंग सुटतो का पाहा. लाल आणि हिरवे तुकडे हमखास दगा देतात. मग मोठ्या टबात, खाली जुनी चादर पसरून, सौम्य द्रव साबणाच्या गार पाण्यात थोडा वेळ हाताने दाबत राहा. उचलताना चादरीची झोळी करून दोघांनी उचला. वाळवायची गच्चीत, खाटेवर सपाट पसरून, सावलीत, नोव्हेंबरनंतरच. त्याहून बरा उपाय म्हणजे मलमलीची खोळ घालून वापरणं. मग खोळ धुवायची, गोधडी नाही.

दुरुस्तीत एक चूक सगळे करतात: जुने टाके उसवून मशीनची शिलाई मारतात. आजीचा धावदोरा वाकडातिकडा आहे हे खरं, पण तो तिच्या हाताचा आहे. विरलेल्या जागेवर वरून तुकडा लावा आणि जुना खालीच राहू द्या. दोरा सुतीच घ्या, कापडापेक्षा नाजूक. नायलॉनचा दोरा तुटत नाही, तो कापडाला कापतो.

पैठणीची पर्स किंवा कुर्ता करण्याबद्दल फार लिहीत नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी करावं, फक्त आधी कापड उजेडासमोर धरून पाहा. जाळीसारखं दिसलं तर पर्स महिनाभर टिकेल. अशा वेळी पदराचा तेवढा चौकोन काचेच्या फ्रेममध्ये, काचेला न टेकता लावलेला चांगला. बहिणीबहिणींत वाटायची असेल तर कात्री लावण्याआधी अख्ख्या साडीचा फोटो काढा.

फोटोवर हार आणि कुंकू

भिंतीवरच्या फोटोला कुंकू लावू नका म्हणणं अवघड आहे, ते भावनेचं काम आहे. पण मूळ फोटो भिंतीवर नकोच. तो स्कॅन करून पाकिटात ठेवा आणि हार-उदबत्ती प्रिंटला करा. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, फोटो काचेला चिकटतो. चिकटलाच तर ओढू नका. काचेसकट स्कॅन करा किंवा फोटो काढा, मग पुढचा विचार. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो सोडवायचा तर दात साफ करायचा फ्लॉस मागून हळूहळू फिरवा. लॅमिनेशन कधीच नाही, ते परत काढता येत नाही. मागे नाव लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, काठाला.

पत्रं किंवा पाककृतींची वही भिजली असेल तर पानं सुटी करायची घाई नको. झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो.

दागिने आणि भांडी

बोरमाळ सोड्याच्या उकळत्या पाण्यात घालू नका. मण्यांच्या आत बहुधा लाख असते, ती वितळते आणि मणी पोकळ होऊन चेपतात. नथीच्या मोत्यांना लिंबू आणि साबणाची पावडर चालत नाही. दोरा जुना झाला असेल तर गाठवून घ्या, पण सोनाराला देण्याआधी मणी मोजा आणि फोटो काढा. मोडीत घालायचं ठरलंच तर आधी घरातल्या सगळ्यांना विचारा, कारण वजनाचे पैसे येतात पण घडण परत येत नाही.

तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात: अमक्याच्या लग्नात तमक्याकडून. दर आठवड्याला पितांबरीने लखलखीत करत राहिलं तर वीस वर्षांत ती अक्षरं पुसट होतात. नाव असलेला भाग नुसत्या ओल्या फडक्याने पुसा.

आवाजाचं थोडक्यात. गेलेल्या माणसाचा फोन बंद केला की काही काळाने तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो, आणि साधारण १२० दिवस वापर नसेल तर व्हॉट्सअॅप खातं काढून टाकतं. व्हॉइस मेसेज आधी बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवा. बुरशी आलेली कॅसेट टेपमध्ये घालून बघू नका.

कोणाचं ते लिहून न ठेवणं

पुनर्विकासात मुंबईच्या जुन्या बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून ५०० फुटांच्या घरांत माणसं जाऊ लागली आहेत, उपनगरांतल्या सोसायट्याही पाडल्या जात आहेत. अशा हलवाहलवीत वस्तू फारशी हरवत नाही, ती कोणाची होती ते हरवतं. टेम्पोत चढवण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो घ्या आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बोलतं करा.

मी गेल्या महिन्यात गोधडी घेऊन आत्याकडे गेले. ती ८४ वर्षांची आहे. एकेका तुकड्यावर बोट ठेवून ती सांगत होती आणि मी वहीत नकाशा काढून आकडे टाकत होते: हा बाबांचा सदरा, हे माझं परकर-पोलक्याचं कापड, हे दिवाळीला आणलेलं चीट. एका खाकी तुकड्याशी थांबली. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "हा कुणाचा गं?" तीच मला विचारायला लागली. वहीत त्या चौकोनात मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.