राय, बागायत आणि सडा: जातींची विविधता कशी मोजावी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एखादी देवराय आणि तिच्या शेजारची काजूची बागायत यांपैकी विविधता कुठे अधिक, हे डोळ्यांनाही कळते; पण किती अधिक, हे सांगण्यासाठी मोजणीच करावी लागते. आधी गावकरांची आणि जागा अभयारण्यात असल्यास वन खात्याचीही परवानगी घ्यावी.

दोन्ही ठिकाणी १० मीटर लांबी-रुंदीच्या चौकटी दोरीने आखाव्यात व त्यांची संख्या सारखीच ठेवावी. त्यांच्या जागा नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, कारण मनाने निवडू लागलो की पाय देखण्या झाडांकडेच वळतात. जमिनीपासून सुमारे १.३ मीटर उंचीवर ज्या खोडाचा घेर ३० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक भरतो, ते प्रत्येक झाड जातीसह नोंदवावे. ओळख न पटलेले झाड वगळू नये. त्याला क्रमांक द्यावा, छायाचित्र घ्यावे आणि गळलेले पान जपून ठेवावे, मात्र देवरायीत फांदी मोडू नये. चौकटी वाढत जातील तशी एकूण जातींची संख्या आलेखावर मांडावी आणि चढ मंदावेपर्यंत काम चालू ठेवावे.

नुसती जातींची संख्या फसवते. समजा, दोन्हीकडे २० झाडे आणि ४ जाती मिळाल्या. रायीत ऐन, किंदळ, जांभूळ व कुंभा प्रत्येकी ५, तर बागायतीत काजू १७ आणि इतर तीन जातींचे एकेक झाड. एडवर्ड सिम्प्सन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक जातीच्या प्रमाणाचा वर्ग करून सर्व वर्गांची बेरीज करावी. ती रायीत ०.२५ आणि बागायतीत ०.७३ येते. १ ला या बेरजेने भागले की ‘प्रभावी जाती’ मिळतात, म्हणजे सर्व जाती सारख्याच प्रमाणात असत्या तर तेवढीच विविधता किती जातींनी भरली असती तो आकडा: रायीत ४, बागायतीत जेमतेम १.४. गावाला समजावून सांगण्यास हाच आकडा मला सर्वांत योग्य वाटतो. विविधता मोजण्याचे दुसरे माप असलेला शॅनन निर्देशांक विरळ जातींना याहून अधिक वजन देतो. तो दिल्यास त्याच्या सूत्रातील लॉगरिदमचा पायाही नमूद करावा.

झाडे नसल्यामुळे पडीक समजल्या जाणाऱ्या जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे सपाट पठारावर, मात्र ही रीत चालत नाही. पावसाळ्यात तेथे सीतेची आसवे आणि इतर इवल्या वनस्पती इतक्या दाट उगवतात की रोपे मोजणे अशक्य होते. म्हणून १ मीटरची चौकट ठेवून प्रत्येक जातीने किती टक्के जागा व्यापली, याचा अंदाज नोंदवावा. हे काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करावे. एप्रिलमध्ये भरलेला तक्ता त्याच सड्याला जवळजवळ रिकामा ठरवील.