कोर्स फीडबॅक घेताय? निदान या चुका टाळा

सेमिस्टरचा शेवटचा आठवडा. कॉरिडॉरमध्ये जर्नलांचे गठ्ठे, नोटीस बोर्डावरच्या डिफॉल्टर लिस्टभोवती (हजेरी कमी असलेल्यांची यादी) घोळका, आणि त्यातच सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, ओरडतोय, "अरे फीडबॅक भरा रे, नाहीतर टर्मवर्कवर सही मिळणार नाही!" मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकवायला लागून मला १८ वर्षं झाली. त्यातली ६ वर्षं डिपार्टमेंटचा फीडबॅक कोऑर्डिनेटर म्हणून, म्हणजे शिक्षकांच्या शिकवण्याबद्दल मुलांकडून फॉर्म भरून घेण्यात, गेली. हे वाक्य मी वर्षातून दोनदा ऐकतो आणि दोन्ही वेळा माझं डोकं उठतं.

सहीच्या बदल्यात फीडबॅक

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच. टर्मवर्कच्या, म्हणजे सेमिस्टरभरातल्या जर्नल-असाइनमेंटच्या, सहीसाठी भरलेल्या फॉर्ममध्ये सहीची घाई तेवढी असते. सहा विषय, प्रत्येकी १२ प्रश्न, म्हणजे ७२ वेळा बोट टेकवायचं. मुलगा ते काम कुर्ला ते ठाणे उभ्याउभ्या, एका हाताने वरची कडी धरून उरकतो. पहिल्या प्रश्नाला ४ दिले की अंगठा त्याच रेघेत सरळ खाली. त्याचं काही चुकतं असंही नाही. आपण त्याला मत विचारलेलं नसतं, आपण त्याच्याकडून पावती मागितलेली असते.

किती वाईट होऊ शकतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी, तेव्हा ज्या कॉलेजात होतो तिथे, एसईच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, ब तुकडीने मला ५ पैकी ४.६ दिले. डिपार्टमेंटमध्ये सर्वांत जास्त. एचओडींनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायला लावल्या, मी सगळ्यांना चहा पाजला. चार दिवसांनी ऑडिटच्या फाइलला कागद लावताना लक्षात आलं की ब तुकडीला मी शिकवलंच नव्हतं! सेमिस्टर सुरू झाल्यावर टाइमटेबल बदललं, तो विषय दुसऱ्या मॅडमकडे गेला, आणि फॉर्ममधलं नाव बदलायचं तसंच राहिलं. त्या वर्गात मी आख्ख्या सेमिस्टरमध्ये एकदाच पाऊल टाकलं होतं, तेही सुपरव्हिजनला. ६३ पैकी ६१ मुलांनी फॉर्म भरला होता. 'हे सर कोण?' असं एकानेही लिहिलं नव्हतं. 'विषयाचं सखोल ज्ञान' ४.७. 'वेळेवर वर्गात येतात' ४.८. खरंच आहे म्हणा, जो येतच नाही त्याला उशीर कसा होणार!

त्या मॅडमनी सेमिस्टरभर घसा फोडला आणि त्या तुकडीचा एक आकडाही त्यांच्या हाती लागला नाही. मी हे वर सांगितलं, तर उत्तर आलं, "राहू दे आता, फाइल पुढे गेलीय." चहाचे पैसेही गेले.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. फीडबॅक वर्गातच, लेक्चरच्या पहिल्या दहा मिनिटांत. शेवटच्या दहा मिनिटांत नाही, कारण तेव्हा अर्धं लक्ष ५.१२ च्या फास्टवर असतं. फॉर्मची लिंक उघडली की मी बाहेर जाऊन उभा राहतो. सही, हजेरी, हॉल तिकीट यांचा त्या फॉर्मशी संबंध लावू देत नाही. मग ६३ पैकी ४० जणच भरतात. भरू देत. आकड्याशेजारी '४०/६३' असं लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला त्याचं वजन कळतं. आणि लिंक पाठवण्याआधी चालू टाइमटेबल समोर ठेवून प्रत्येक नाव स्वतः तपासायचं. दहा मिनिटांचं काम आहे. ते 'नंतर बघू' म्हणणारे कोऑर्डिनेटर मी डझनावारी पाहिलेत, त्यातला एक मीच होतो.

हल्लीचे नवीन लोक यावर एक शॉर्टकट सुचवतात. मध्येच 'या प्रश्नाला २ निवडा' असा प्रश्न घालायचा, म्हणजे न वाचता भरणारे पकडले जातात. जातात की! पण कंटाळलेला मुलगा पकडून काय मिळवलंत? त्याचा कंटाळा तसाच राहिला. त्यापेक्षा १२ चे ५ प्रश्न करा.

दशांश चिन्हाची पूजा

एकाला ३.८, दुसऱ्याला ३.९, आणि स्टाफरूममध्ये दोन दिवस बोलणं बंद. हा वेडेपणा कुठून येतो तेही मला समजतं. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईच्या २०१९ च्या नियमांत शिक्षकांच्या ३६० डिग्री फीडबॅकमध्ये, म्हणजे सगळ्या बाजूंनी होणाऱ्या मूल्यमापनात, १०० पैकी २५ गुण विद्यार्थ्यांच्या फीडबॅकला आहेत. पॉइंट एकचा फरक मग प्रमोशनच्या गोष्टीत जाऊन बसतो. पण ४० मुलांतली चार इकडची तिकडे झाली तरी पॉइंट एक हलतो. त्या दिवशी हार्बर लाइनची लोकल बंद असली तरी हलतो.

आणखी वाईट म्हणजे सरासरी झाकून टाकते ते. आमच्याकडे एक तरुण सहकारी एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरचं गणित, शिकवायला आला. पहिल्याच सेमिस्टरला ३.१. बिचारा राजीनाम्याची भाषा करू लागला. मी म्हटलं, थांब, आधी बार चार्ट उघड. उघडला तर ३ देणारं जवळजवळ कोणीच नाही! अर्धा वर्ग ४-५ वर, अर्धा १-२ वर. ३.१ म्हणजे त्या दोन टेकड्यांच्या मधली रिकामी दरी. 'बरा शिकवतो' असं वर्गात कोणाचंच मत नव्हतं.

दोन टेकड्या कशाच्या? अंदाज होता, पण फॉर्म निनावी. म्हणून पुढच्या सेमिस्टरला पाचव्या आठवड्यात छोटा फॉर्म घेतला आणि एकच जादा प्रश्न घातला: बारावीतून आलात की डिप्लोमातून? चित्र स्वच्छ फाटलं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं खालच्या टेकडीवर. लाप्लास ट्रान्सफॉर्म शिकवताना पार्ट्सने करायचं इंटिग्रेशन आमचा हा सहकारी 'हे तुम्हाला बारावीत झालंय' म्हणत फळ्यावर दोन ओळींत गुंडाळायचा. ज्यांनी बारावी केलीच नाही त्यांच्या डोक्यावरून जायचं. त्याने ट्यूटोरियलचे दोन तास फक्त इंटिग्रेशनला दिले, बाकी शिकवणं होतं तसंच ठेवलं. राजीनाम्याचा विषय संपला.

तर सरासरी काढायचीच असेल तर काढा, पण बार चार्ट बघितल्याशिवाय ती कोणालाही सांगू नका.

आणि फीडबॅकमध्ये जास्त मार्क म्हणजे जास्त चांगलं शिकवणं, हेही डोक्यातून काढा. अमेरिकेच्या वायुदल अकादमीत मुलं प्राध्यापकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली जातात, पेपर सगळ्यांना एकच. तिथला २०१० मध्ये छापून आलेला अभ्यास कॅल्क्युलसबद्दल सांगतो की ज्यांच्या हाताखाली मुलांना त्या कोर्समध्ये जास्त मार्क पडले त्यांना फीडबॅकही चांगला मिळाला, पण त्यांचीच मुलं पुढच्या कोर्सेसमध्ये मागे पडली. २००७ च्या दुसऱ्या एका प्रयोगात फॉर्मआधी चॉकलेट वाटलं तर रेटिंग वाढलं. आमच्याकडे वडापाववर भागेल. हे वाचून कोणी खरंच वडापाव मागवू नये म्हणून सांगतो, एकाने मागवले होते.

बाकीच्या, झटपट

एका प्रश्नात दोन प्रश्न घालू नका. 'सर विषय नीट समजावतात व शंकांचे निरसन करतात' यात समजावतात पण निरसन करत नाहीत, त्याने काय भरायचं?

कोर्स एक्झिट सर्व्हे आणि शिक्षकांचा फीडबॅक एकाच फॉर्ममध्ये कोंबू नका. पहिला एनबीएच्या (कोर्सेसना मान्यता देणारी संस्था) अटेनमेंटसाठी, म्हणजे कोर्सची उद्दिष्टं कितपत गाठली ते दाखवायला असतो, दुसरा तुमच्यासाठी. आणि 'सीओ-टू (दुसरा कोर्स आउटकम, म्हणजे कोर्सचं दुसरं उद्दिष्ट) कितपत साध्य झाला?' हे नुसतं 'सीओ-टू' म्हणून कोरडं विचारू नका. एका मुलाने मला प्रामाणिकपणे विचारलं होतं, "सर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड ना?"

'निनावी' लिहून गूगल फॉर्मला ईमेल गोळा करायला लावू नका. मुलं पहिल्या नजरेत ओळखतात. नऊ जणांच्या इलेक्टिव्हला, म्हणजे ऐच्छिक विषयाला, तर निनावी असं काही नसतंच. तिथे सरळ बसून बोला.

प्रोजेक्टर बंद, पंखा बंद, लॅबमधले सहा पीसी बंद, यांचे मार्क शिक्षकाच्या खात्यात जाऊ देऊ नका.

मोकळ्या जागेत इंग्रजीतच लिहायची सक्ती नको. सक्ती केलीत की 'गुड' आणि 'नाइस' मिळेल. मराठीत, हिंदीत, कसंही लिहू द्या, मग बघा पोरं काय काय सांगतात. त्यात मॅडमच्या साडीवर आणि आवाजावर मल्लिनाथी करणारेही निघतात. ते शेरे पुढे पाठवण्याआधी कोऑर्डिनेटरने खोडायचे. हे माझं ठाम मत आहे, यावर मी मीटिंगमध्ये भांडलोय.

घेतला, फाइल केला, विसरलो

शेवटच्या आठवड्यात घेतलेल्या फीडबॅकचा देणाऱ्या मुलांना काडीचा उपयोग नसतो. म्हणून कॉलेजचा फॉर्म वेगळा, माझा वेगळा. पाचव्या आठवड्यात अर्धा पाठकोरा कागद, नाव नाही, दोन ओळी: काय अडतंय, काय चालू ठेवू. जर्नलची रद्दी स्टाफरूममध्ये भरपूर असते. पुढच्या लेक्चरला पहिली पाच मिनिटं त्याच कागदांवर बोलतो. काय बदलणार ते सांगतो, आणि काय बदलणार नाही तेही. 'न्यूमेरिकल कमी घ्या' दर वर्षी येतं आणि दर वर्षी मी नाही म्हणतो.

गेल्या वर्षी मेकॅनिक्सला एक कागद आला: "सर, तुम्ही फ्री बॉडी डायग्राम काढता आणि त्याच्याच समोर उभे राहता. तुम्ही बाजूला होता तेव्हा तो पुसून झालेला असतो." १८ वर्षं मी हे करत होतो, एकाही छापील फॉर्मने सांगितलं नव्हतं. आता आकृती काढली की डस्टर टेबलावर ठेवून दाराशी जाऊन उभा राहतो आणि मनात वीस आकडे मोजतो. पहिल्यांदा केलं तेव्हा अख्खा वर्ग हसला. पुढच्या वेळच्या कागदांत एकाने लिहिलं होतं, "आता आकृती दिसते. अक्षराचं काहीतरी बघा."