पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बदलताय? डेमो नंतर बघा, आधी सभासदांची नावं तपासा

आमची पतसंस्था सहा शाखांची. जुनं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोवर (मायक्रोसॉफ्टचा डेटा साठवायचा जुना प्रोग्राम) केलेलं, आणि त्या फॉक्सप्रोचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्येच बंद केलाय, तरी आम्ही ते ओढत होतो कारण चालत होतं. शेवटी बदललं. या कामात मी दीड वर्ष होतो, त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे संचालक मंडळात ठराव करून एक माणूस नेमा, आणि तो तुमचा हवा, व्हेंडरचा म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा नको. कमिटी नेमली की सगळे चहा पिऊन जातात आणि सही कोणीच करत नाही. त्या माणसाचं रोजचं काम अर्धं तरी दुसऱ्याला द्या, नाहीतर तो संध्याकाळी सहानंतर हे करणार आणि महिन्याभरात वैतागणार.

मग लगेच डेमो बोलवू नका. डेमोत सगळंच भारी दिसतं. आधी वहीत लिहून काढा की आपल्याकडे कुठली कुठली खाती आहेत, पिग्मी, आवर्त ठेव, मुदत ठेव, ठेव तारण कर्ज, सोनेतारण, आणि प्रत्येकाचं व्याज नक्की कसं काढता. नियमात काय छापलंय ते नको, काउंटरवर प्रत्यक्ष काय करता ते लिहा. आमच्याकडे पिग्मी मुदतीआधी बंद केली तर दोन शाखा दोन वेगळ्या पद्धतीने व्याज कापत होत्या, आणि हे इतकी वर्षं कोणाला माहीतच नव्हतं!

आता डेटा. सगळा जीव इथे जातो, म्हणून इथे जास्त लिहितो.

आपल्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नावं युनिकोडमध्ये (म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी वाचता येतील अशा कोडमध्ये) नसतात, जुन्या फॉन्टच्या कोडमध्ये असतात. तो फॉन्ट काढला की नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, पण रफाराची वाट लावतात. आमच्या पहिल्या फाईलमध्ये सगळे कुलकर्णी ‘कुलकणीर्’ झाले होते आणि वर्षाताई ‘वषार्’. ऱ्हस्व वेलांटीही सरकते. म्हणून कन्व्हर्ट झाल्यावर नावांची यादी छापून शाखेतल्या माणसालाच वाचायला द्या, त्याला सभासद तोंडओळखीने माहीत असतात.

दुसरा शत्रू एक्सेल. खाते नंबर ००१२७ असेल तर एक्सेल पुढची शून्यं खातं आणि १२७ ठेवतं. सोळा आकडी नंबर असेल तर शेवटचा आकडा गुपचूप शून्य करतं, कारण ते पंधराच आकडे धरतं. तारखांचंही तसंच, ३ एप्रिलची ४ मार्च होते आणि कोणाच्या लक्षात येत नाही कारण दोन्ही तारखा खऱ्याच वाटतात. फाईल उघडायच्या आधी ते कॉलम टेक्स्ट म्हणून आणा, डबल क्लिक करून उघडू नका.

आमचे हेड क्लार्क, त्यांना सगळे काकाच म्हणतात, नवीन सिस्टीमला त्यांचा कडक विरोध. मी त्यांना यादी तपासायला बसवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘अहो साहेब, हा माणूस २०११ साली वारला, याची आवर्त ठेव चालू कशी?’’ असे बरेच निघाले. मग विरोध आपोआप कमी झाला, उलट व्हेंडरच्या पोराची चूक पकडायची त्यांना सवयच लागली. तुमच्याकडेही असे काका असतील, त्यांना ट्रेनिंगला नुसतं मागच्या खुर्चीत बसवू नका.

करारात एवढं तरी लिहून घ्या: डेटा संस्थेचा आहे, मागू तेव्हा साध्या वाचता येणाऱ्या फाईलमध्ये मिळेल, सोडून जाताना त्याचे वेगळे पैसे नाहीत. आमच्या जुन्या व्हेंडरने आमचाच डेटा द्यायला पैसे मागितले आणि करारात काहीच नसल्यामुळे ते द्यावे लागले. एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीचा, दर पुढे किती वाढेल तेही आत्ताच ठरवा. आणि ‘‘होईल साहेब’’ हे उत्तर कागदावर आल्याशिवाय धरू नका. पिग्मी एजंटचं मशीन नव्या सिस्टीमला जोडण्याबद्दल आम्हाला ‘‘होईल’’ सांगितलं होतं, ते झालं नाही, आणि दोन आठवडे रोजचं कलेक्शन आम्ही हाताने टाईप केलं.

एका रात्रीत सगळ्या शाखा फिरवू नका. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एकाच वीकेंडला सगळे ग्राहक नव्या सिस्टीमवर नेले, त्यात जवळपास १९ लाख लोकांना आपली खाती बघता येईनात, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना साडेचार कोटी पौंडांच्या वर दंड झाला. ती एवढी मोठी बँक, आपण कोण. आधी सगळ्यात छोटी शाखा घ्या, मुख्य शाखा शेवटी. मार्च नको, दिवाळीचा आठवडा नको, सप्टेंबरमध्ये वार्षिक सभेची धावपळ असते तोही नको. आम्ही डिसेंबर धरला.

दोन महिने जुनं आणि नवं दोन्ही चालवा. रोज संध्याकाळी दोन्हीकडची रोजकीर्द (दिवसभराच्या व्यवहारांची नोंद) शेजारी ठेवायची, महिनाअखेर तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा). पैशापैशाचा फरक निघतो, तो ‘राउंडिंग असेल’ म्हणून सोडू नका. आमच्याकडे अशाच एका फरकातून कळलं की नवी सिस्टीम लीप वर्षाचं व्याज ३६६ दिवसांनी काढत होती आणि जुनी ३६५ ने. कुठलं बरोबर ते आपल्या पोटनियमाप्रमाणे ठरवा, पण ठरवा. या काळात स्टाफला डबल काम पडतं, त्याचा ओव्हरटाईम बजेटमध्ये आधीच धरा, नंतर मागायला गेलात तर चेअरमन साहेब ‘‘बघू’’ म्हणतात.

बाकी मशीन-बिशीनचं थोडक्यात. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा जुने पीसी कोटेशनमध्ये धरा. इंटरनेट दोन वेगळ्या कंपन्यांचं घ्या. पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा, मॉनिटरला चिठ्ठी चिकटवायची नाही. बॅकअप घेताय ना, मग महिन्यातून एकदा तो दुसऱ्या मशीनवर परत चढवून बघा, आमचा पहिला बॅकअप उघडलाच नाही.

जुना पीसी भंगारात देऊ नका. आमचा कॅशियरच्या मागे टेबलावर आहे, नेटची वायर काढलेली, फक्त बघण्यापुरता. गेल्या महिन्यात एका जामीनदाराने ‘‘मी सहीच केली नव्हती’’ म्हणून वाद घातला, तेव्हा २०१४ ची नोंद त्यातूनच निघाली, नव्या सिस्टीममध्ये आम्ही बंद झालेली कर्जं आणलीच नव्हती.